आठ दिवसांचा दौरा, पाच दिवसांचं काम



या सदरात एरवी आपण लॅपटॉपवर पोट असणाऱ्यांबद्दल बोलतो. फ्रीलान्स कोडिंग, डिझाइन, भाषांतर वगैरे. आज लॅपटॉप फक्त हिशेबापुरता. विषय आहे फ्रीलान्स मॉडेलचा कामाचा दौरा, म्हणजे आपलं गाव सोडून आठ-दहा दिवस दुसऱ्या शहरांत काम करून यायचं तर ते आखायचं कसं.

हा विषय घरातूनच आला. माझी मामेबहीण बी.कॉम. झाल्यापासून गेली तीन वर्षं हे काम करते. आतापर्यंत तिचं सगळं काम सुरत आणि अहमदाबादेत होतं. आता पहिल्यांदाच दिल्ली-जयपूरचं चाललंय. "दादा, तू त्या तुमच्या प्रोजेक्टचं प्लॅनिंग करतोस ना, तसं मला करून दे," असं म्हणून तिनं मला कामाला लावलं. दोन रविवार आम्ही मामाच्या घरी एक्सेल शीट उघडून बसलो. त्यातून जे समजलं ते मॉडेलिंग न करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल असं वाटतं. फोटोग्राफर, मेकअप आर्टिस्ट, तबलजी, सूत्रसंचालक, फिरून कमावणाऱ्या सगळ्यांचं गणित थोड्याफार फरकानं हेच.

आधी एक गैरसमज दूर करतो. "मॉडेल" म्हटलं की आपल्या आई-बाबांच्या पिढीला मधु सप्रे आणि मिलिंद सोमण आठवतात. हे काम त्यातलं नाही. तुम्ही मोबाइलवर कुर्ता बघता, आधी पुढून, मग मागून, मग बाजूनं, मग गळ्याचं भरतकाम जवळून. त्या कुर्त्यात जी उभी असते आणि जिचं नाव कुठंही लिहिलेलं नसतं, ती ही मुलगी. धंद्यात याला कॅटलॉग शूट म्हणतात. दिवसभर कपडे बदलायचे, दिव्यांखाली उभं राहायचं, चाळिसाव्या कपड्यालाही पहिल्या कपड्याइतकंच ताजं हसायचं. १९५० साली सुरू झालेल्या आपल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत विद्यार्थ्यांनी चित्र काढावं म्हणून तासन्‌तास स्थिर बसणारी माणसं बडोद्यानं बघितली आहेत. तीही रोजावर, हीही रोजावर. ग्लॅमर असलंच तर ते फोटो बघणाऱ्याच्या बाजूला असतं.

बडोद्याच्या मुलीला या धंद्यात एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे सुरत. रिंगरोडच्या कापड बाजारातून देशभर साड्या आणि ड्रेस मटेरियल जातं, आणि प्रत्येक नव्या डिझाइनचा फोटो लागतोच. सुरत आपल्यापासून १३० किलोमीटर. सकाळच्या गाडीनं जायचं, रात्री घरी जेवायला. इकडे ज्याला आपण सगळे अप-डाऊन म्हणतो तेच. राहण्याचा खर्च शून्य.

आता दौऱ्याचा हिशेब बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तिचे खरे दर मी इथं लिहिणार नाही (लिहिले तर मामी मला घरात घेणार नाही). समजा दिवसाचे ८,००० रुपये मिळतात. दिल्लीला तीन दिवसांचं काम, ते एका को-ऑर्डिनेटरमार्फत, त्याचं कमिशन २० टक्के. जयपूरला दोन दिवस, ते थेट. एकूण पाच दिवसांचे ४०,००० रुपये. ऐकायला छान वाटतं.

आता वजाबाकी. रात्रीच्या गाडीनं निघून पहिल्या दिवशी सकाळी दिल्ली, त्या दिवशी आराम आणि कपड्यांचं फिटिंग. दुसरा, तिसरा, चौथा दिवस काम. पाचव्या दिवशी जयपूरला प्रवास. सहावा, सातवा काम, सातव्या रात्री परतीची गाडी, आठव्या दिवशी सकाळी बडोदं. कमिशन ४,८००. तीन गाड्यांची तिकिटं मिळून ४,०००. सहा रात्रींचं राहणं, बऱ्या वस्तीतलं, १,८०० च्या हिशेबानं १०,८००. सात दिवसांचं खाणं आणि टॅक्सी रोजचे १,००० धरून ७,०००. बेरीज २६,६००. हातात राहिले १३,४००. आठ दिवसांनी भागा. "दिवसाला ८,०००" म्हणता म्हणता दिवसाला १,६७५ झाले.

त्याच आठ दिवसांत ती घरी राहून सुरतला तीनदा अप-डाऊन करून आली असती तर २४,००० मिळाले असते, त्यातून गाडीभाडं आणि रिक्षाचे दीड-दोन हजार गेले असते. शिवाय आईच्या हातचं जेवण आणि पाच दिवस मोकळे. शीटमध्ये हे दोन आकडे शेजारी शेजारी आल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग कशाला जायचं?"

हा प्रश्न दौऱ्याआधी पडायलाच हवा. परत आल्यावर पडला तर काही उपयोग नाही. तिचं उत्तर मला पटलं. सुरतच्या साडी-कॅटलॉगच्या फोटोंवर दिल्ली-गुरुग्रामकडचे ऑनलाइन विक्रीवाले स्टुडिओ काम देत नाहीत. त्यांना साध्या पांढऱ्या पडद्यासमोरचे, पाश्चात्त्य कपड्यांतले फोटो बघायचे असतात, आणि तसे फोटो तसं काम केल्याशिवाय मिळत नाहीत. असा स्टुडिओ एकदा खूश झाला की दर महिन्याला बोलावतो. म्हणजे ही पहिली फेरी कमाईची नाही, ओळखीची आहे. १३,४०० शिल्लक राहिले तरी चालतील, पण तोटा होता कामा नये. एवढं ठरलं की बाकीचं आखणं सोपं जातं. दुसऱ्या फेरीचा निकष मात्र वेगळा. तोपर्यंत दिल्लीचा एकही ग्राहक परत बोलावत नसेल तर सुरत आहेच.

तोटा कुठून येऊ शकतो? जयपूरमधून. दिल्लीचे तीन दिवस पक्के आहेत. जयपूर निघायच्या आधीच रद्द झालं तर ती दिल्लीहून परत येईल. खर्च २०,०००, कमाई २४,०००, चार हजार तरी सुटतील. पण जयपूरला पोचल्यावर "मॅडम, माल तयार झाला नाही" असं ऐकायला मिळालं तर १६,००० बुडाले, खर्च तसाच राहिला, आणि २,६०० रुपये खिशातून गेले. हे काल्पनिक नाही. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्यानं तिला स्टुडिओत बसवून ठेवून दुपारी तीन वाजता असंच सांगितलं होतं. तेव्हा ती अहमदाबादेत होती म्हणून दीड-दोन तासांत घरी आली. जयपूरहून रात्रभराचा प्रवास आहे.

यावर उपाय एकच, अर्धे पैसे आगाऊ. जयपूरचे ८,००० आधी खात्यात आले असतील तर काम रद्द होऊनही शिल्लक ५,४०० राहते. म्हणून शीटमध्ये आम्ही जयपूरच्या ओळीला पिवळा रंग दिला आणि नियम केला, निघण्याच्या पाच दिवस आधी आगाऊ रक्कम आली नाही तर ती ओळ पुसायची आणि दिल्ली-बडोदं तिकीट काढायचं.

इथं धंद्यातले दोन शब्द नीट समजून घ्या. "होल्ड" म्हणजे त्या तारखा तुमच्यासाठी राखून ठेवा, बघू. होल्डचे पैसे मिळत नाहीत, आणि होल्डवर तिकीट काढायचं नाही. "कन्फर्म" म्हणजे तारीख, पोचायची वेळ, शिफ्ट किती तासांची, जास्त वेळ लागला तर तासाला किती, किती कपडे, कोणत्या प्रकारचे कपडे, पैसे कोण देणार आणि कधी, हे सगळं लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, पण लेखी. फोनवर "अरे बेटा, हो जाएगा" म्हणणारा माणूस वाईट असतोच असं नाही, तो फक्त कन्फर्म नसतो. सॉफ्टवेअरमध्येही हेच आहे. ग्राहकाच्या ई-मेलमध्ये जे नाही ते आम्ही बांधत नाही.

तर दौरा आखताना आधी एक खुंटी ठोकायची. किमान दोन-तीन सलग दिवसांचं, लेखी, शक्यतो आगाऊ रकमेसकट पक्कं झालेलं काम ही खुंटी. तिच्याभोवती बाकीचं बांधायचं. खुंटी नसताना "तिकडे गेल्यावर कामं मिळतील" म्हणून निघायचं नाही. गेल्यावर मिळतो तो चहा.

खुंटी ठोकल्यावर तिकीट. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसच आधी मिळतं, आणि कॅटलॉगवाले त्याहून बरेच उशिरा पक्कं करतात. त्यामुळे तत्काळची सवय ठेवा (आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला). परतीचं तिकीट मात्र आपल्या नावानं, आपल्या पैशांनी, आधी. समोरच्यानं काढून दिलेल्या परतीच्या तिकिटावर अवलंबून राहिलं की कधी निघायचं हे तो ठरवतो. त्याशिवाय खात्यात एका विमान तिकिटाएवढे पैसे नेहमी बाजूला. त्यांना हात लावायचा नाही.

आणि रात्रीच्या गाडीतून उतरून थेट शूटला नको. डोळ्यांखालची सूज मेकअपनं झाकते असं आपल्याला वाटतं, कॅमेऱ्याला वाटत नाही. म्हणून तो पहिला रिकामा दिवस. मी तो काटकसरीसाठी कापायला निघालो होतो, तिनं कापू दिला नाही. आदल्या रात्री फरसाण बंद, सेव-उसळही बंद, कारण मिठानं चेहरा फुगतो. बडोद्याच्या माणसासाठी या व्यवसायातला हा सर्वांत कठीण नियम असावा.

वेळापत्रकाचं आणखी एक गमतीचं अंग म्हणजे ऋतू उलटे असतात. लोकरी कपड्यांचे फोटो भर उन्हाळ्यात निघतात आणि नवरात्रीच्या चणियाचोळीचे पावसाळ्याच्या आधी. दिवाळीत सुरतेचा बाजार बंद होतो आणि लाभपंचमीच्या आधी तिथं कुणी फोन उचलत नाही. सण ज्या महिन्यात त्याच्या तीन-चार महिने आधी दौरा आखायचा. सणाच्या महिन्यात आखाल तर लोक माल विकत असतात, फोटो काढत नसतात.

आता मामीचा मुद्दा. मामीला पैशांच्या हिशेबात रस नव्हता. तिचं एकच म्हणणं, "अरे, तू तिला शीट करून देतोस, पण ती माणसं कोण आहेत ते बघितलंस का?" प्रश्न रास्त आहे, आणि "मामी, आता जमाना बदलला" हे त्याचं उत्तर नव्हे. आम्ही तिघांनी बसून बघितलं.

प्रत्येक ग्राहकाचा जीएसटी क्रमांक मागितला. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही तो क्रमांक टाकून व्यवसायाचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट बघता येतं. स्टुडिओचा पत्ता नकाशावर टाकून बघितला. रहिवासी इमारतीतला फ्लॅट निघाला तर प्रश्न विचारायचे. तिथं आधी काम केलेल्या दोन मॉडेलना थेट विचारलं. पैसे वेळेवर मिळाले का, कपडे बदलायला नीट खोली आहे का, दाराला आतून कडी आहे का, ठरल्यापेक्षा वेगळे कपडे पुढे केले का. मुली या बाबतीत एकमेकींना मोकळेपणानं सांगतात. आणि ठरलेल्या यादीत नसलेला कपडा घालायचा नाही, मग तो रात्रीचा पोशाख असो की पोहण्याचा. "फक्त दोन फोटो" असं म्हटलं तरी नाही.

सगळ्यांत उपयोगी ठरलेली युक्ती मामीचीच. तिनं सांगितलं, "त्यांना सांग, पहिल्या दिवशी माझी आई बरोबर येणार आहे." दिल्लीच्या स्टुडिओनं लगेच कळवलं, काही हरकत नाही, बाहेर बसायला जागा आहे. दुसऱ्या एका ठिकाणाहून, जे काम आमच्या यादीत चौथं होतं, उत्तर आलं की आमच्याकडे घरच्यांना आणत नाहीत, हे प्रोफेशनल नाही. ते काम आम्ही त्याच मिनिटाला काढून टाकलं. आई खरोखर जाते की नाही हा नंतरचा प्रश्न. (मामी जाणार आहे. तिला दिल्लीतल्या मावशीकडेही जायचंच होतं.)

पोर्टफोलिओ किंवा नोंदणीसाठी पैसे मागणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत. कामाचे पैसे तो देतो, आपण नाही. पैसे घेऊन कुणी गायब झालंच तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तातडीच्या मदतीला ११२, महिलांसाठी १८१, गाडीत १३९. परदेशातल्या कामाचं, विशेषतः दुबईचं आमिष आलं आणि व्हिजिट व्हिसावर बोलावत असतील तर तिथंच थांबा. त्या व्हिसावर तिथं काम करणं बेकायदा आहे, आणि अडकते ती मॉडेल.

बॅगेबद्दल फार लिहीत नाही. कातडीच्या रंगाची बिनशिवणीची अंतर्वस्त्रं, कातडीच्या आणि काळ्या रंगाचे उंच टाचांचे बूट, मोजड्या, परकर, सेफ्टी पिनांचा पुडा, टिकल्या. ब्लाउज बहुतेक वेळा मापाचं नसतंच, ते पाठीमागून चिमट्यांनी आवळलेलं असतं. पुढच्या वेळी साडीचा सुंदर फोटो बघाल तेव्हा त्या पाठीची आठवण काढा.

आता माझ्या आवडीचा, कागदाचा भाग. शूटच्या शेवटी एक रिलीज फॉर्म पुढे येतो, आणि थकलेली मुलगी न वाचता सही करते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. मॉडेलचा नसतो. म्हणून मॉडेलच्या हातात राहतं ते एवढंच, फोटो कुठं, किती काळ आणि कशासाठी वापरायचा ते सहीच्या आधी ठरवून घेणं. ऑनलाइन विक्रीसाठी एक वर्ष हा एक दर. तोच फोटो होर्डिंगवर लावायचा तर वेगळा दर. "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" असं लिहिलं असेल तर दर वाढवून मागा किंवा ते शब्द खोडा.

यात एक नवी ओळ आली आहे, आणि ती माझ्या धंद्यातून आली आहे. एकदा पुरेसे फोटो मिळाले की त्याच चेहऱ्यावर दुसरे कपडे चढवणं आता सॉफ्टवेअरला जमतं. मग पुढच्या चाळीस कपड्यांना मॉडेलला बोलवायची गरज नाही. एच अँड एम कंपनीनं २०२५ साली ३० मॉडेलची अशी डिजिटल जुळी रूपं बनवण्याचं जाहीर केलं, पण त्या रूपांचे हक्क मॉडेलकडेच राहतील असंही सांगितलं. न्यूयॉर्क राज्यात जून २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यात मॉडेलची डिजिटल प्रतिकृती वापरण्यासाठी तिची स्वतंत्र लेखी संमती लागते. आपल्याकडे असा खास मॉडेलसाठीचा कायदा नाही, त्यामुळे जे काही असेल ते त्या एका कागदावरच. आम्ही तिच्यासाठी दोन वाक्यं मराठीत लिहिली, मग हिंदी आणि इंग्रजीत केली: हे फोटो किंवा माझा चेहरा वापरून कृत्रिम बुद्धिमत्तेनं नवे फोटो बनवायचे नाहीत. बनवायचे असतील तर आधी लेखी परवानगी आणि वेगळे पैसे. दिल्लीनं दोन दिवस विचार करून मान्य केलं. जयपूरवाल्यानं विचारलं, "ये क्या होता है?" आणि सही केली.

बिलाचं थोडक्यात. बिल परतीच्या गाडीतच पाठवायचं, घरी आल्यावर पाठवू म्हटलं की आठवडा जातो. पैसे यायला महिना-दोन महिने लागतात, म्हणजे दौऱ्याचे वीस-बावीस हजार आधी आपलेच अडकतात. तेवढी पुंजी नसेल तर दौरा पुढं ढकला, कर्ज काढून जाऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर परराज्यात सेवा दिली तरी जीएसटी नोंदणी लागत नाही, हे ग्राहकाच्या हिशेबनीसाला कधी कधी आपणच सांगावं लागतं. कापलेला टीडीएस फॉर्म २६एएसमध्ये दिसतो का ते तपासा. दिसला नाही तर विवरणपत्र भरायच्या आधी मागे लागा, नंतर कुणी फोन उचलत नाही.

हे लिहीपर्यंत जयपूरचे ८,००० आलेले नाहीत. पाच दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते. पिवळी ओळ तशीच आहे, आणि दिल्ली-बडोद्याच्या गाड्यांत किती जागा शिल्लक आहेत ते मी रोज सकाळी बघतो आहे.